पडद्यावर राहिलेली पाटी

रेवा, ईशान —

हे पत्र मराठीत आहे आणि लांब आहे. बाबांकडून वाचून घ्यायचं नाही. अडलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा त्याच ओळीपासून सुरू करायचं. तुम्हाला वेळ लागेल हे मला माहीत आहे. मलाही लिहायला चार दिवस लागले आहेत. येत्या शुक्रवारी दुकानाची माणसं नवा टीव्ही लावायला येणार आणि जुना घेऊन जाणार. तो गेला की बोट दाखवून सांगावं असं समोर काही राहणार नाही, म्हणून त्याआधी लिहिते आहे. एक प्रत इथल्या मराठी मंडळाच्या अंकालाही देणार आहे. त्यात गूढ अनुभवांचं एक सदर असतं... आजवर ते पान मी न वाचताच उलटत आले.

कारण असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मी भूगोल आणि गणित शिकवलं. आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी. दाराला टांगायला कधी आणलं नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला घाई असेल, असं मी समजते. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तोच सगळा त्रास आहे. विश्वास असता तर नमस्कार करून मोकळी झाले असते.

आता नीट क्रमाने सांगते.

आपला मलकपेठेतला फ्लॅट तुम्ही पाहिलाय. तिसरा मजला, गॅलरीतून रेसकोर्सचा कोपरा दिसतो, सकाळी घोडे फिरवायला आणतात. अकरा वर्षांपूर्वी अनिरुद्ध, म्हणजे तुमचे बाबा, सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी हा टीव्ही आणला. त्या वेळी हे ओएलईडी प्रकरण अगदी नवं होतं. खोक्यातून काढला तेव्हा मला वाटलं, पुढची काच निघाली, टीव्ही आत राहिला. वरच्या बाजूला तर जाडी जेमतेम माझ्या पट्टीएवढी. आबांनी, म्हणजे तुमच्या आजोबांनी, त्याला बाजूने पाहिलं, पुढून पाहिलं, पुन्हा बाजूने पाहिलं.

"हा टीव्ही आहे की कॅलेंडर?" ते म्हणाले. "वर्ष संपलं की फाडायचा का?"

"बाबा, हात नका लावू! वाकेल!" अनिरुद्ध ओरडला.

आबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे पूल आणि धरणं कागदावर काढली. हात लावू नका म्हटलेल्या वस्तूला हात लावणं, हा त्यांचा स्वभाव. पुढे तुमच्याशी बोलायला म्हणून अनिरुद्धने टीव्हीच्या माथ्यावर एक छोटा कॅमेरा बसवला, तर तो काही केल्या टिकेना. त्याची पकड जाड टीव्हीसाठी केलेली, आणि हा कॅलेंडर. दर पाच मिनिटांनी कॅमेरा पुढे मान टाकायचा. कंपनीला फोन केला तर म्हणाले, वेगळा स्टँड घ्या. तो स्टँड कुठेच मिळेना. शेवटी आबांनी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून एक लाकडी चिमटा काढला, आपल्या कंपासपेटीतल्या फेल्टचा तुकडा कापून त्याच्या तोंडात घातला आणि कॅमेरा पकडून टाकला. पुन्हा तो कधी हलला नाही.

"एवढा लाखमोलाचा टीव्ही," मी म्हटलं, "आणि त्याच्या डोक्यावर चिमटा!"

"मास्तरीणबाई, तुमच्या डोक्यावर असते ती पिन कशाची?" आबा म्हणाले.

आता माझी शिस्त सांगते, कारण पुढे तिचा संबंध येतो. झोपण्याआधी गॅसचा नॉब, मोरीतला नळ आणि टीव्हीचा भिंतीवरचा स्विच — ह्या तीन गोष्टी मी स्वतः बंद करते. नुसतं रिमोटने बंद केलेलं मला चालत नाही. तो लाल दिवा उगाच जळत राहतो. अकरा वर्षांत एकही दिवस चुकवला नव्हता.

रविवारचा पाठ तुम्हाला आठवतच असेल. आमची रविवारची सकाळ, तुमची एडमंटनची शनिवारची रात्र. आबांनी बेगम बाजारातून लाकडी चौकटीची खरीखुरी दगडी पाटी शोधून आणली होती. तीन दुकानांत लोक हसले होते त्यांना. दर रविवारी त्यावर एकच शब्द. घरातल्या एखाद्या वस्तूचं नाव, ड्राफ्ट्समनच्या रेखीव अक्षरात. पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि तुम्ही दोघांनी वाचल्याशिवाय खाली ठेवायची नाही. वाचलं की ते ती वस्तू काढून दाखवायचे. किसणी, कुलूप, उदबत्ती. रेसकोर्सच्या कोणाकडून तरी मागून एकदा रिकीबसुद्धा, म्हणजे खोगिराला टांगलेली पाय ठेवायची कडी, आणली होती. एका रविवारी ईशानला 'अडकित्ता' वाचायला अकरा मिनिटं लागली. आबांनी कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवली, पण पाटी खाली नाही.

आमच्या टीव्हीवर तुम्ही मोठे दिसायचात. खाली उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत, आम्ही. तिथे सगळं आरशासारखं उलटं दिसायचं, पाटीसुद्धा. तुमच्याकडे सुलटं दिसतं, असं अनिरुद्धने सांगितलं तेव्हा कुठे आबांचं समाधान झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

शेवटचा रविवार. रेवा, तुझ्या मैत्रिणीकडे तुला राहायला जायचं होतं, खाली गाडी येऊन थांबली होती. अनिरुद्ध म्हणाला, "बाबा, आज नको, शब्द पुढच्या रविवारी." आबांनी ऐकलं नाही. पाटी वर केली. तेवढ्यात तुमचं चित्र गेलं.

आबा तसेच बसून राहिले, पाटी धरून.

"वाचलं का गं त्यांनी?"

"वाचलं असेल," मी म्हटलं. "ठेवा आता. पोहे गार होतायत."

"आवाज नाही आला."

"अहो, ठेवा!"

त्यांनी ठेवली. दुपारी मी ती ओल्या फडक्याने पुसली. पाटी भरलेली ठेवायची नाही, ही माझी शाळेपासूनची सवय. पुसताना वरचा शब्द वाचला नाही. तीन वर्षं दर रविवारी पुसत होते, कोण वाचतं? बुधवारी सकाळी आबा गेले.

रेवा, फोन तोडायचं लाल बटण तू दाबलं होतंस, हे मला महिन्याभराने कळलं. अनिरुद्धने फोनवर हळू आवाजात सांगितलं, "आई, रेवा सारखी म्हणते, आय कट आबा ऑफ. शब्द काय होता विचारते. तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. मी तो पुसला होता.

त्यानंतर तू मराठीचं पुस्तक उघडलं नाहीस. फोनवर मी काही वाच म्हटलं की, "आजी, प्लीज, नको ना." अडीच वर्षं. आबांची सगळी कपाटं मी पालथी घातली. शब्दांची यादी कुठे असेल, पुढच्या रविवारची तयारी असेल... काही नाही. त्यांचे कपडे देऊन टाकले तेव्हाही प्रत्येक खिसा तपासला. रुमाल, रेसकोर्सचा जुना पास, एका सदऱ्याच्या खिशात कपड्यांचा चिमटा. चिमटा मी दोरीवर लावला.

ह्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, एका दुपारी केबलचा डबा बंद पडला. तसं झालं की पडदा नुसता राखाडी होतो. त्या राखाडीत मला मधोमध एक चौकोन दिसला. कोपरे गोलसर. मला वाटलं, धूळ. पुसली. गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आठवडाभरात चौकोनाला कड आली, लाकडाच्या चौकटीसारखी. मग डाव्या कडेवर एक अंगठा.

मी कोणाला सांगितलं नाही. वहीत तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहीत गेले. चष्मा बदलून आले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे पण फार नाही. मोतीबिंदूत अंगठा दिसतो का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. मग एके दुपारी शेजारच्या शहनाझ आपांना हाक मारली. त्यांना काही न सांगता पडद्यासमोर बसवलं.

आपांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "बाजी, ये तो भाईसाब का अंगूठा है ना? वो दरवाजे में आया था सो?"

तो आबांचाच अंगठा. ऑफिसच्या दारात चेमटलेला, नख मधून दुभंगलेलं.

"और कुछ लिख्खा भी है," आपा म्हणाल्या. "मेरे कू मरेठी नक्को पूछो."

लिहिलेलं होतं. पण इतकं पुसट की पहिलं अक्षर 'चि' वाटे, शेवटी काही तरी काना. मधलं काहीच लागेना. चिवडा? चिपळ्या? चिंता? मी समोरून बघितलं, बाजूने बघितलं, पडदे लावून बघितलं. मग ठरवलं, ज्यांनी ही वस्तू बनवली त्यांना विचारू.

इथून पुढचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत चिडके आठवडे आहेत. कंपनीला फोन केला की आधी वाद्यसंगीत, मग एक दाबा, तीन दाबा, पुन्हा वाद्यसंगीत.

"प्रॉब्लेम काय आहे मॅडम?"

"पडद्यावर डाग आहे."

"ओके मॅडम, डाग काढायला इंजिनियर पाठवतो."

"काढायचा नाही. वाचायचा आहे."

"मॅडम... मग कम्प्लेंट काय लिहू?"

तीन वेळा तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा कोणी न येताच 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले' असा मेसेज आला. चौथ्या वेळी एक बाई म्हणाल्या, हे मॉडेल बंद झालंय, त्याचं पॅनल आता मिळत नाही, तुम्ही नवीन का घेत नाही? मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडे माणसांचं पण हेच धोरण आहे का? त्यांनी फोन होल्डवर टाकला.

शेवटी यादगिरी आले. पन्नाशीचे गृहस्थ, दाराशी चपला काढून, हात धुऊन मग टीव्हीला हात लावणारे. मला तिथेच बरं वाटलं. त्यांनी राखाडी पडदा लावला आणि खुर्ची ओढून बसले.

"बर्न-इन है अम्मा," ते म्हणाले. "एक चीज बहुत देर रक्खे तो पडदे पे बैठ जाती." मग भिंतीकडे बघून, "रात कू मेन बंद करते क्या?"

"हौ. रोज."

"कित्ते साल से?"

"अकरा."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो अम्मा! ये पतला पॅनल बंद हुए बाद अंदर-अंदर अपने आप कू साफ करता. करंट होना उसको. तुम मेन बंद करे तो कैसा साफ करता? ग्यारा साल से नहाया नै ये!"

मी खुर्चीत बसले. म्हणजे जी पाटी जपायची ती मी पुसली, आणि हा पडदा... ह्याला मात्र अकरा वर्षं मी पुसू दिलं नव्हतं.

पण यादगिरींचंच समाधान होत नव्हतं. ते उठले, कोपरे तपासायला लागले. "न्यूज देखते थे साब?" दिवसाचे सहा तास, मी म्हटलं. "तो फिर चॅनल का निशान बैठना इधर. वो किधर है?" ते नव्हतं. सहा तास रोज दिसणारं निशाण नव्हतं, आणि क्षणभर दिसलेली पाटी होती. मी त्यांना कोपऱ्यातल्या तिकिटाएवढ्या चौकटीबद्दल सांगितलं. आमच्या टीव्हीवर पाटी दिसली ती नेहमी तिथे, छोटी आणि उलटी. ही मधोमध होती, मोठी आणि सुलटी. जशी फक्त तुमच्या घरी, एडमंटनला दिसली असेल तशी.

यादगिरी जमिनीवर उकिडवे बसले, मान तिरकी केली, आणि सहज, बसवरची पाटी वाचावी तसं वाचलं.

"चिमटा." मग माझ्याकडे वळून, "रोटी का?"

रोटीचा नाही. कपड्यांचा. सदऱ्याच्या खिशात, वाचून झाल्यावर दाखवायला ठेवलेला.

मी हसायला लागले, मग रडायला लागले, मग मला भयंकर राग आला. अडीच वर्षं! मला वाटलं होतं, काहीतरी सांगायचं असेल त्यांना. आणि हा माणूस चिमटा लिहून गेला.

"साफ कर देऊं क्या?" यादगिरींनी विचारलं. "एक घंटे का काम है."

"हात लावू नका," मी म्हटलं. अगदी अनिरुद्धसारखी ओरडले.

त्या रविवारी मी तुम्हाला फोन लावला आणि टॅब्लेट टीव्हीसमोर धरला, आठवतं? शब्द सांगितला नाही. रेवाने स्वतः वाचायला हवा होता. तू म्हणालीस, "आजी, मला फक्त ग्रे दिसतंय. आणि तुझी खिडकी." फोटो काढले, फोटोत मी, माझा चष्मा आणि खिडकी. तेरा फोटो, तेरा खिडक्या. कॅमेऱ्यात ते येतच नव्हतं.

मग अनिरुद्ध म्हणाला, डिसेंबरात येतो, रेवाला घेऊन. मी ठरवलं, तोवर टीव्ही लावायचाच नाही. भिंतीवरच्या स्विचला चिकटपट्टी लावून त्यावर लाल शाईने 'नको' लिहिलं. बातम्या शहनाझ आपांकडे जाऊन बघायची. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, दोन मिनिटं राखाडी पडदा लावून बघायचं आणि पुन्हा स्विच बंद. नऊ शनिवार ते ठीक होतं.

दहाव्या शनिवारी पडदा चालू असतानाच अनिरुद्धचा फोन आला. रजा मंजूर झाली नाही, तिकिटं रद्द. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याची त्यात चूक नव्हती. फोन ठेवला, रागाने रिमोटचं बटण दाबलं आणि अर्ध्या जेवणावरून उठून झोपायला गेले. गॅसचा नॉब बंद केला. नळ बंद केला.

सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर टीव्हीचा तो लाल दिवा जळत होता.

मी टीव्ही लावला. स्वच्छ राखाडी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नव्या पाटीसारखं. रात्रभरात त्याने आंघोळ करून घेतली होती. पाटीवरचा शब्द मी दुसऱ्यांदा पुसला होता.

यादगिरींना फोन केला. ते म्हणाले, "अम्मा, वो हल्का दाग था तो गया. होता ऐसा." मी विचारलं, आणि आला कसा होता? ते म्हणाले, "वो मेरे कू भी नै मालूम अम्मा. उस दिन घर जाके मैं भी बहुत सोचा."

त्यानंतर तीन आठवड्यांनी पॅनलवर एक उभी हिरवी रेघ आली, मग पाच. आता पडदा पाहवत नाही. म्हणून शुक्रवारी तो जाणार.

कोणी म्हणेल, खिशातला चिमटा मला आठवत होता आणि तोच मला पडद्यावर दिसला. मी स्वतः हे लिहून पाहिलं आहे, वहीत, कारणं एका बाजूला मांडून. पण शब्द मला वाचताच आला नव्हता. यादगिरींनी वाचला, आणि त्यांना खिशातलं काही ठाऊक नव्हतं. अंगठा आपांनी ओळखला. पाटी मोठी आणि सुलटी कशी होती, चॅनलचं निशाण का नव्हतं, अडीच वर्षं थांबून मग ती का दिसली... ह्या सगळ्यांच्या उत्तराची जागा कोरी सोडून वही बंद केली आहे, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

पण रेवा, तुझ्यापुरतं सांगते. त्या पाटीवर निरोप नव्हता. आशीर्वाद नव्हता, आणि तू न ऐकलेलं असं काही नव्हतं. पुढच्या बुधवारची आबांना काही कल्पना नव्हती. ते रविवारचा पाठ घेत होते. तुझा एक चिमटा हुकला, एवढंच. दोघांनी वाचल्याशिवाय पाटी खाली ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. तू इथपर्यंत स्वतः आली असशील, तर तो शब्द तुझा वाचून झालेला आहे. ईशान, तुझाही. ह्या रविवारी फोनवर दोघांनी मोठ्याने म्हणून दाखवा. मी पाटी खाली ठेवते.

पाटी अजून आहे. चौकटीचा एक कोपरा सैल झालाय. टीव्हीवरचा चिमटा काल काढून घेतला, त्याच्या तोंडात फेल्ट आहे. खिशातला चिमटा दोरीवर आहे. तिथल्या चोवीसांतला कोणता, ते मला ओळखता येत नाही.

— आजी